स्लाइड परजीवी दाखवते, किट त्याचं प्रथिन

मलेरियाची स्लाइड आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बोटातून रक्ताचा थेंब, काचपट्टी, जिम्साचा रंग, मग सूक्ष्मदर्शक. जाड थेंबात परजीवी सापडतो, पातळ थरात त्याची जात ओळखू येते. दुसरी तपासणी म्हणजे किट: बोटातल्या रक्ताचा थेंब टाकायची छोटी पट्टी, मलेरिया असेल तर तिच्यावर दोन रेघा येतात. किटला वीज लागत नाही, निकाल १५-२० मिनिटांत मिळतो. या फरकांत कुणी चुकत नाही.

चुकतात ते “किट म्हणजे झटपट होणारी स्लाइड” असं मानण्यात. हे वाक्य वाचलं की मला राहवत नाही, कारण त्यापायी पोरांना चुकीचं औषध मिळतं. स्लाइडवर प्रत्यक्ष परजीवी दिसतो. आफ्रिकेत सर्रास वापरली जाणारी किट मात्र मलेरियाच्या फॅल्सिपॅरम जातीच्या परजीवीने रक्तात सोडलेलं एचआरपी-२ हे प्रथिन पकडते. परजीवी मेला तरी ते प्रथिन कित्येक आठवडे रक्तात राहतं.

समजा, युगांडातल्या खेड्यातल्या मुलीला आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन या मलेरियाच्या औषधाचे तीन दिवसांत सहा डोस दिले आणि ताप उतरला. दहा दिवसांनी ती पुन्हा तापली. आरोग्य कार्यकर्तीने किट लावली, दोन रेघा आल्या. “औषध लागू पडलं नाही” म्हणून दुसरं औषध सुरू होतं, आणि तिला न्यूमोनिया असेल तर तो तसाच वाढतो. इथे स्लाइडच करायला हवी. परजीवी उरले आहेत का आणि किती, हे तीच सांगते.

उलटाही धोका आहे. काही परजीवींमध्ये हे प्रथिन बनवणारं जनुकच नसतं. मग रक्तात परजीवी असूनही किटवर रेघ येत नाही. इरिट्रियात २०१६ मध्ये असे रुग्ण मोठ्या प्रमाणात सापडले आणि देशाला किट बदलावी लागली.

म्हणून किट कशी लावायची एवढंच शिकवणारं प्रशिक्षण मला अपुरं वाटतं. युगांडात २००६ मध्ये सहा दिवसांचं एक प्रशिक्षण सुरू झालं. त्यात एकाच केंद्रातले उपचार करणारे, प्रयोगशाळेतले आणि नोंदी ठेवणारे असे सगळे एकत्र बसवले. तिथे स्लाइड निगेटिव्ह येऊनही पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांना मलेरियाचं औषध लिहून दिलं जात होतं. प्रशिक्षणानंतर हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आलं. तपासणारा आणि औषध लिहिणारा एकमेकांशी बोलू लागले की किती फरक पडतो, ते यात दिसतं. जिथे किट पोचली आहे तिथेही असंच एकत्र बसवून शिकवावं, आणि पहिल्याच दिवशी एक सवय लावावी: किटचं पाकीट फोडण्याआधी आईला विचारायचं, “गेल्या महिन्याभरात हिला मलेरियाचं औषध दिलं होतं का हो?” हो म्हणाली, तर स्लाइड.