गाठ नसलेला कोळी

बॉबिन लेस विणायला सुई लागत नाही आणि तिच्या नक्षीच्या आत एकही गाठ नसते. घट्ट भरलेली उशी, तिच्यावर लावलेला भोकं पाडलेला आराखडा, पितळी टाचण्या आणि लाकडी बॉबिनवर गुंडाळलेले धागे, एवढ्यावर काम चालतं. सोळाव्या शतकात इटली आणि फ्लँडर्समध्ये ही कला आकाराला आली. व्हेनिसमध्ये १५५७ साली आणि झुरिचमध्ये १५६१ साली तिच्या नमुन्यांची पुस्तकंही छापली गेली. विणताना धाग्यांना जागच्या जागी धरायचं काम टाचण्या करतात, पण काम पुढे सरकलं की मागच्या टाचण्या उपसून पुढे वापरायच्या असतात. मग लेस सुटत कशी नाही? हे समजून घ्यायला टॉर्शन नावाच्या साध्या, भौमितिक लेसमधली ‘कोळी’ ही नक्षी फार सोयीची आहे.

आधी दोन हालचाली. धागे नेहमी जोडीने चालतात, आणि एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चार धागे हाताळायचे असतात. मधल्या दोन धाग्यांपैकी डावा उजव्यावरून नेला की झाली फुली. प्रत्येक जोडीतला उजवा धागा डाव्यावरून नेला की झाला पीळ. फुली, पीळ, फुली हा एक पूर्ण टाका. त्यात दोन जोड्या एकमेकींतून आरपार जातात आणि चारही धागे कापडासारखे एक वर, एक खाली असे बसतात. बाकी सगळी कला म्हणजे याच दोन हालचालींचा क्रम आणि टाचण्यांच्या जागा.

कोळ्यासाठी डावीकडून तीन आणि उजवीकडून तीन जोड्या तिरक्या खाली येतात. प्रत्येक जोडीला सहसा तीन पीळ देतात. हे झाले कोळ्याचे पाय. मग सर्वांत आतली डावी जोडी उजवीकडच्या तिन्ही जोड्यांतून एकेक करून पार न्यायची, तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. नऊ टाक्यांत डावीकडच्या साऱ्या जोड्या उजवीकडे पोचतात. बरोबर मध्ये टाचणी टोचायची आणि एकेक जोडी हलकेच ओढायची. सैल दिसणारं विणकाम टाचणीकडे सरकत सरकत आवळतं आणि कोळ्याचं पोट तयार होऊ लागतं. पुन्हा तसेच नऊ टाके घातले की प्रत्येक जोडी आपापल्या बाजूला परत येते. तिथे पुन्हा पीळ दिले की खालचे पाय झाले.

आता थोडा हिशेब. एका टाक्यात धागे चारदा एकमेकांना ओलांडतात. अठरा टाक्यांत ७२ ओलांडण्या होतात आणि प्रत्येकीत दोन धागे असतात, म्हणजे बारा धाग्यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला १२. प्रत्येक ओलांडणीत धागा किंचित वाकतो, आणि घर्षणाचं खरं गणित या वाकण्यात आहे. खांबाभोवती दोर गुंडाळला की एकूण वळणाचा कोन जसा वाढतो, तशी त्याची पकड घातांकी वेगाने वाढते. कोळ्याच्या पोटात एकही मोठा वेढा नसतो, पण बारा लहान वळणांची बेरीज होते. गाठीचं काम ही बेरीज करते.

अर्थात घर्षण हवं तर धागे एकमेकांवर दाबले जायला हवेत, म्हणजे ताण हवा. काम चालू असताना तो बॉबिनच्या वजनातून आणि विणणाऱ्याच्या बोटांतून येतो. इंग्लंडमधल्या बऱ्याच बॉबिनच्या टोकाला मणी ओवलेले असतात. दिसतात शोभेचे, पण त्यांनी वजनही वाढतं आणि बॉबिन उशीवर गडगडतही नाही. पायांचा ताण दोन्ही बाजूंना सारखा असेल तर टाचणी काढल्यावरही पोट मध्यावरच राहतं. एका बाजूचे पाय सैल राहिले, तर ताणलेली बाजू त्याला आपल्याकडे ओढून घेते. नवशिक्याचा कोळी हमखास कलंडतो तो यामुळेच.

डच चित्रकार व्हर्मीरने १६६९-७० च्या सुमारास रंगवलेलं लेस विणणाऱ्या स्त्रीचं चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात पुढे सांडलेले सैल धागे धूसर, जवळजवळ रंगाच्या ओघळांसारखे आहेत. तिच्या हातातले ताणलेले धागे मात्र रेघ मारल्यासारखे स्पष्ट. माझ्या मते लेसमधल्या ताणावर यापेक्षा चांगली टिप्पणी कुणी केलेली नाही. पिळाचं महत्त्व यंत्र बनवणाऱ्यांनीही ओळखलं होतं. जॉन हीथकोट या इंग्रजाने १८०९ साली पेटंट घेतलेलं यंत्र धाग्यांना एकमेकांभोवती पीळ देऊनच षटकोनी जाळी विणत असे. नक्षी मात्र तेव्हा हातानेच त्या जाळीवर बसवावी लागे.

फुली आणि पीळ यांची भाषा गणितात आधीपासून आहे. गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२५ साली धाग्यांच्या वेण्यांचं बीजगणित मांडलं: कोणता धागा शेजारच्याच्या वरून गेला, एवढंच नोंदवायचं. कॅनडातल्या व्हेरोनिका अर्व्हिन यांनी व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या संशोधनात लेसच्या जाळीकडे आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) म्हणून पाहिलं. प्रत्येक टाका हा एक बिंदू, त्यात दोन जोड्या येतात आणि दोन बाहेर पडतात. त्या नियमावरून संगणकाने पूर्वी न विणलेल्या कितीतरी जाळ्या शोधता आल्या.

वेणीच्या बीजगणितात प्रत्येक ओलांडणीला तिची उलट असते, आणि त्याचा उपयोग चूक उसवताना होतो. टाका उलटा फिरवायचा तर मधला उजवा धागा डाव्यावरून, मग प्रत्येक जोडीत डावा उजव्यावरून, आणि पुन्हा मधला उजवा डाव्यावरून. पोट पूर्ण झाल्यावर पहिल्याच टाक्यात चूक दिसली तर सुटका नाही, कारण पुढचे सतराही त्याच्यावर उभे असतात. टाचणी उपसून अठरा टाके उसवावे लागतात. पण चूक तिसऱ्या टाक्यात, म्हणजे पहिली डावी जोडी शेवटच्या उजव्या जोडीला भेटते तिथे असेल, तर वरच्या अर्ध्यातल्या सहा टाक्यांचा तिच्याशी संबंध येत नाही. ते तसेच ठेवून बारा उसवले की भागतं.