कानात तेल सोडणं (सातारा-सांगली भागातला घरगुती उपाय)

कान ठणकायला लागला, दडा बसला, खाज सुटली किंवा आत काही वळवळलं की कोमट तेलाचे दोन-चार थेंब कानात सोडून वर कापसाचा बोळा बसवायचा, हा तो उपाय. सातारा-सांगलीकडं घरोघरी माहितीचा. रात्री दोन वाजता पोरगं कान धरून रडायला लागलं, गावात डॉक्टर नाही, तालुक्याला जायला गाडी नाही, अशा वेळी आई नाहीतर आज्जी पहिल्यांदा चुलीकडंच जाते आणि पळीत तेल तापवते, यात तिचं काही चुकतं असं नाही, हाताशी असतं ते माणूस करतंच.

तेल घरात असेल ते, म्हणजे खोबरेल, तिळाचं, शेंगदाण्याचं, पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात करडईचंही. लसणाची पाकळी ठेचून तेलात टाकायची, तांबूस होईस्तोवर तडतडवायची, मग गाळून, निववून, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा आणि सोसलं तरच कानात. ही मनगटाची सवय खरंच चांगली आहे, कारण तेल गरम असलं तर आतली नाजूक कातडी भाजते, आणि फार गार असलं तर गरगरतं, कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात त्यांना तापमानातला फरक लगेच कळतो. आयुर्वेदात याच क्रियेला कर्णपूरण म्हणतात आणि त्यासाठी बिल्वतेलासारखी सिद्ध तेलं सांगितलीत.

आता तेलानं दुखणं थांबतं का? ऊब मिळते, थोडं बरं वाटतं, हे खरं. पण कानाची बाहेरची नळी मोठ्या माणसात साधारण 2.5 सेंटीमीटर, तिच्या टोकाला पडदा, आणि लहान मुलांचं कान दुखणं बहुतेक वेळा त्या पडद्याच्या पलीकडचं असतं. सर्दी झाली की घशातून मधल्या कानाकडं जाणारी नळी सुजते, मुलांची ती नळी आखूड आणि आडवी असते म्हणून त्यांना हा त्रास जास्त, आत पाणी साठतं, पू होतो, पडद्यावर दाब येतो. पडदा धड असेल तर तेल तिथवर पोचतच नाही. 2001 साली इस्रायलमधल्या अभ्यासात 103 मुलांवर ऑलिव्ह तेलातले लसूण आणि इतर वनस्पतींचे थेंब आणि कान बधिर करणारे औषधी थेंब यांची तुलना झाली, दोन्हीकडं दुखणं सारखंच कमी झालं, पण काहीच न घातलेला गट त्यात नव्हता. आणि मधल्या कानाच्या संसर्गात औषध न देताही 100 पैकी 60 च्या आसपास मुलांचं दुखणं 24 तासांत थांबतं, त्यामुळं श्रेय तेलाला किती आणि वेळेला किती हे सांगता येत नाही.

खरी फसगत होते ती कान फुटल्यावर. दाब वाढत वाढत पडद्याला भोक पडतं, पू बाहेर येतो आणि ठणका एकदम थांबतो, पोरगं शांत झोपतं. घरात सगळ्यांना वाटतं की तेलानं घाण बाहेर काढली, गुण आला, आणि मग दुसऱ्या दिवशीपासून रोज तेल सुरू. वाट आता उघडी झालेली असते आणि तेल थेट मधल्या कानात उतरतं, नेमकं तिथं जिथं ते जायला नको. वाहत्या कानात तेल घालू नका हे जितक्या वेळा सांगावं तितकं कमीच आहे. अशा कानाला डॉक्टरकडं नेईपर्यंत कोरडं ठेवायचं, स्वच्छ सुती कापडाची वात करायची, देवाच्या दिव्याला करतो तशीच पण जाड, ती कानात हलके धरून पू टिपायचा, भिजली की दुसरी घ्यायची, दिवसातनं निदान 3 वेळा, आणि आत काहीही ठेवायचं नाही, बोळासुद्धा नाही.

तेलाची खरी कामं दोन. एक म्हणजे कडक झालेला मळ मऊ करणं, ऑलिव्ह किंवा बदामाचं तेल 2-3 थेंब दिवसातनं 3-4 वेळा असं 3 ते 5 दिवस टाकायला ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही सांगते, अर्थात पडदा धड असेल तरच. दुसरं, कानात किडा-मुंगी गेली की तेलानं ती मरते आणि आतली फडफड थांबते, मग डॉक्टर काढतात. मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या कानात गोचीड जाते, ती चिकटून बसलेली असते, तेलानं सुटेलच असं नाही, ती ओढत बसू नये. घड्याळातला बटणासारखा सेल पोरानं कानात घातला असेल तर तेल नको, पाणी नको, तसंच तातडीनं दवाखाना.

उन्हाळ्यात विहिरीत, कृष्णेत पोहणं, पावसाळ्यात पाटण-जावळीकडची ओल, अशात कानात बुरशी धरते, खाज सुटते, आत काळे ठिपके दिसतात. यावर तेल म्हणजे बुरशीला खाऊच. तान्ह्या बाळाला अंघोळीआधी कानात आणि नाकात तेल सोडायची पद्धतही बंद व्हावी, नाकातलं तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

दाढ किडली, घसा सुजला तरी कान दुखतो, आणि तेव्हा कानात काहीच झालेलं नसतं. कानामागं सूज आली, ताप चढला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, किंवा साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कान रात्रभर ठणकला तर थांबायचं नाही. आणि आपल्याकडं तंबाखू, मिश्री घराघरात आहे म्हणून हे मुद्दाम लिहितोय, अशा माणसाचा एकच कान आठवडेच्या आठवडे दुखत असेल आणि कान तपासून साफ निघाला असेल, तर तोंड, जीभ आणि घसा तपासून घ्या, कारण तिथल्या कॅन्सरची कळ कानात येते.