चष्म्याच्या कोपऱ्यातून नेम

दादरच्या सावरकर स्मारकात म्हणा किंवा उपनगरातल्या एखाद्या क्लबात, मुलाला तिरंदाजीला घालायला आलेल्या आईबाबांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘याला चष्मा आहे हो, चालेल ना?’ चालतं की! दक्षिण कोरियाचा इम डाँग-ह्यून २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ७२ बाणांत ७२०पैकी ६९९ गुण मिळवून गेला. तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. त्याच्या डाव्या डोळ्याची नजर २०/२००, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या भाषेत ६/६० होती आणि उजव्याची २०/१००. तरीही तो चष्म्याशिवायच खेळायचा.

हे जमतं कसं? ऑलिंपिकमध्ये टार्गेट ७० मीटरवर असतं, त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर आणि मधल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा १२.२. नजर चांगली असलेल्याला एवढ्या अंतरावरून साधारण २ सेंटिमीटरचा तपशील वेगळा दिसतो, ६/६०वाल्याला २० सेंटिमीटरचा. नऊ आणि दहा मिळून होणारा पिवळा भाग २४ सेंटिमीटरचा. म्हणजे इमला डाव्या डोळ्याने तिथे जेमतेम एक पिवळा डाग दिसत असणार. पण गोल वस्तू सगळ्या बाजूंनी सारखी पुसट झाली, तर तिचा मध्य जागचा हलत नाही. डागाचा मध्य हुडकायला आपला मेंदू भलताच तरबेज असतो. गुण जातात ते एका बाजूने आलेल्या अडथळ्यामुळे, आणि चष्मा नेमका तिथेच गोत्यात आणू शकतो.

त्यासाठी पेन्सिलीचा एक प्रयोग करून बघा. गच्चीवर जा, एक डोळा मिटा, हात लांब करून पेन्सिल उभी धरा आणि तिचं टोक लांबच्या एखाद्या टॉवरच्या कडेला लावा. नजर टॉवरवरच ठेवा, पेन्सिल पुसट दिसू द्या. आता दुसऱ्या हाताने एक जाडसर कार्ड उघड्या डोळ्याच्या अगदी जवळ, डाव्या बाजूने हळूहळू आत सरकवा. बुबुळाचा अर्धा भाग झाकला जाईल त्या क्षणी पेन्सिल डावीकडे सरकलेली दिसेल. हात तर हललेला नसतो. डावा भाग बंद झाल्यावर प्रकाश फक्त बाहुलीच्या उजव्या अर्ध्यातून आत येतो, म्हणजे तुमचा डोळाच जणू थोडा उजवीकडे गेला.

तिरंदाजाची साईट, म्हणजे धनुष्यावर बसवलेली नेम धरायची खूण, ही त्याची पेन्सिल. ती डोळ्यापासून साधारण ८५ सेंटिमीटरवर, टार्गेट ७० मीटरवर. एवढ्या फरकाच्या दोन वस्तू एकाच वेळी स्वच्छ दिसत नाहीत, म्हणून रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमधलं धनुष्य वापरणारे बहुतेक जण नजर टार्गेटवर ठेवतात आणि साईट पुसट राहू देतात. अंतरांचं प्रमाण साधारण ८२ पट निघतं. थोडक्यात, डोळा १ मिलिमीटर हलला की टार्गेटवर नेम ८ सेंटिमीटर सरकतो, आणि तिथलं प्रत्येक वर्तुळ ६.१ सेंटिमीटर रुंद असतं. धनुष्याची स्ट्रिंग दर वेळी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला तशीच टेकली पाहिजे असा प्रशिक्षक धोशा लावतात तो याचसाठी. ४ मिलिमीटरची बाहुली अर्धी झाकली तर डोळा पाऊण-एक मिलिमीटर सरकल्यासारखा होतो. ढोबळ हिशेबाने नेम ७ सेंटिमीटर ढळला, म्हणजे एक वर्तुळ गेलं.

आता बाहुली झाकणार कोण? फ्रेम. तिरंदाज टार्गेटला खांदा देऊन उभा राहतो आणि मान वळवून बघतो. मान पूर्ण काटकोनात वळत नाही, उरलेलं काम डोळा करतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा उजवा डोळा नाकाकडे वळतो आणि काचेच्या मधून बघण्याऐवजी नाकाजवळच्या कोपऱ्यातून बघतो. डोळा २० अंश वळला तर नजर काचेच्या मध्यापासून जवळपास एक सेंटिमीटर आत येते. मान आखडलेली असेल किंवा फ्रेम अरुंद असेल तर नाकावरची कडा आडवी येते. मुंबईत ऑक्टोबरात तासभर सराव केला की घामाने चष्मा नाकावरून खाली उतरतो, मग वरची कडा आडवी येते. तीही प्रत्येक बाणाला निराळी. काचेच्या त्याच कोपऱ्यावर घामाचा ओघळ आला तरी परिणाम तसाच.

नंबरचं काय? काचेच्या कोपऱ्यातून बघितलं की ती प्रिझमसारखी वागते. नंबर उणे ४ असेल तर मध्यापासून एक सेंटिमीटरवर ती प्रकाश एका मीटरला ४ सेंटिमीटर इतका वळवते. ७० मीटरवर ते पावणेतीन मीटर होतात! घाबरू नका, काच साईट आणि टार्गेट दोन्ही सारखंच सरकवते, त्यामुळे त्यांची जोडी मोडत नाही. काच आणि डोळ्यातल्या १२-१३ मिलिमीटर फटीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक तेवढा उरतो. त्याचे टार्गेटवर ४ सेंटिमीटर होतात, ते एकदा साईट लावली की मिटले. पण सरावाला चष्मा आणि स्पर्धेला कॉन्टॅक्ट लेन्स असा खेळ केला तर हे ४ सेंटिमीटर परत हजर. दोन्हींसाठी साईटची खूण वेगळी लिहून ठेवणं शहाणपणाचं.

काच पॉलिकार्बोनेटची असेल तर तिच्या कडेला रंग फाकतात. ती फुटत नाही म्हणून मुलांना हमखास दिली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण उणे ४च्या या कोपऱ्यात निळ्या आणि तांबड्या प्रकाशातली फाकट ७० मीटरवर ९ सेंटिमीटर होते, साध्या प्लास्टिकच्या काचेत सुमारे ५. टार्गेटवर निळं वर्तुळ लाल वर्तुळाला चिकटून असतं, त्यामुळे नेमकी त्यांच्यातली सीमा पुसट होते.

गॉगलचं गणित निराळं. भर उन्हात बाहुली २ मिलिमीटरपर्यंत आकसते, तेव्हा पुसट साईटचा डाग टार्गेटवर १६ सेंटिमीटरचा भासतो. गडद गॉगलखाली बाहुली ५ मिलिमीटर झाली तर तोच डाग ४१ सेंटिमीटरचा होऊन अख्खा पिवळा भाग गिळून बसतो. म्हणून मला काळाकुट्ट गॉगल तिरंदाजीला नापसंत. फिकट राखाडी पुरे, रंगही जसेच्या तसे राहतात. हिरवट काच लाल वर्तुळ काळपट करते आणि पिवळा उठून दिसतो. पिवळ्या काचेतून उलट पांढरं आणि पिवळं जवळपास एकच दिसतं, शिवाय निळं काळ्याकडे झुकतं. धुरकट सकाळी काहींना ती आवडते, मला त्यात फायद्यापेक्षा गोंधळ जास्त दिसतो. काच कुठलीही असो, अतिनील किरण अडवणारी हवी. नुसती काळी काच बाहुली मोठी करून ते किरण आत यायला वाट देते.

नियम सैल आहेत. जागतिक तिरंदाजी संघटना साधा चष्मा, नेमबाजीचा चष्मा, गॉगल, सगळं चालू देते. सूक्ष्म छिद्राची काच मात्र नको, आणि काचेवर नेमाला मदत होईल अशी खूण नको. दुसरा डोळा झाकायचा असेल तर त्या बाजूची काच पूर्ण झाका. तिथे काळ्या कपड्यापेक्षा दुधी चिकटपट्टी बरी. एका डोळ्यावर अंधार केला की दोन्ही बाहुल्या थोड्या मोठ्या होतात, आणि त्याचं काय होतं ते वर आलंच आहे.

चाळिशी लागलेल्यांनी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला चष्मा घालून नेम धरू नये. त्याच्या काचेच्या कडेला चित्र वाकडं होतं आणि तिरंदाज तर नेमका कडेतूनच बघतो. फक्त लांबच्या नंबरचा एक जोड करून घ्या. चष्मेवाल्याकडे जाताना अंकर धरून, म्हणजे ओढलेली स्ट्रिंग हनुवटीला टेकवून, उभे राहिल्याचा फोटो दाखवलात, तर उंच काचेची, नाकाजवळ पातळ कडेची फ्रेम काढून देणं त्याला सोपं जातं. काचेला परावर्तन रोखणारा थर सांगा. पॉलिकार्बोनेटची साधी काच दोन्ही बाजू मिळून दहा टक्के प्रकाश परतवते, आणि संध्याकाळचं ऊन मागून आलं तर स्वतःचाच गाल आतल्या बाजूला चमकताना दिसतो.

राहता राहिलं ते एसी गाडीतून उतरून थेट मैदानावर जाणं. जूनमध्ये मुंबईची हवा इतकी दमट असते की गार काचेवर लगेच वाफ धरते. काच बाहेरच्या हवेइतकी तापायला काही मिनिटं द्यावी लागतात. सामन्यात आळीपाळीने बाण सोडताना एका बाणाला २० सेकंद मिळतात, आणि त्यात चष्मा पुसायला वेळ धरलेला नसतो.