डेटा रेडिओ : टर्मिनल आज्ञांनी मांडणी व दोषनिदान

डेटा रेडिओ हे सिरियल केबलची जागा घेणारे उपकरण आहे. तलावावरचा पातळीमापक किंवा पंपहाऊसमधला आरटीयू (मोजमापे गोळा करून दूरवर पाठवणारे उपकरण) आपले आकडे आरएस-२३२ अथवा आरएस-४८५ या सिरियल पोर्टवर देतो आणि रेडिओ ते काही किलोमीटरवरच्या नियंत्रण कक्षात पोचवतो. पंप एका शिवारात आणि टाकी पलीकडच्या गावाच्या टेकाडावर, ही विदर्भातली नेहमीची रचना. तिथे हा रेडिओ फार उपयोगी पडतो.

त्याच्याशी बोलायची भाषा जुनी आहे. १९८१ च्या हेस स्मार्टमोडेमसोबत आलेल्या ‘एटी’ (AT) आज्ञा थोड्याफार फरकाने आजही बहुतेक रेडिओंत चालतात. लॅपटॉपवर पुटी किंवा मिनिकॉम हा आज्ञा टाइप करायचा टर्मिनल प्रोग्राम उघडायचा, बॉड रेट (पोर्टचा वेग) जुळवायचा आणि +++ टाइप करायचे, म्हणजे रेडिओ ‘ओके’ असे उत्तर देऊन आज्ञा घेऊ लागतो. +++ च्या आधी व नंतर सुमारे एक सेकंद पोर्टवर पूर्ण शांतता हवी, एंटरही दाबायचे नाही. आरटीयूची केबल लागलेली राहिली तर तो मध्येच आकडे पाठवतो, शांतता मोडते आणि ‘ओके’ येत नाही. रेडिओ बिघडला असे समजून तो उतरवण्याआधी ही केबल काढून पाहावी.

सिक (SiK) या मुक्त स्रोत फर्मवेअरच्या (उपकरणातल्या अंगभूत सॉफ्टवेअरच्या) रेडिओत एटीआय५ सगळी मांडणी दाखवते. वारंवारतेची खालची व वरची मर्यादा एस८ व एस९ या क्रमांकांच्या नोंदींत असते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरता येतो. परदेशातून आलेला ९०२ ते ९२८ चा रेडिओ मात्र मोबाइलच्या ८९०-९१५ पट्ट्यावर चढतो, तो इथे लावूच नये. बदल एटी&डब्ल्यूने जतन होतात आणि एटीझेडने रेडिओ पुन्हा सुरू होतो. ‘एटी’ऐवजी ‘आरटी’ लिहिले की तीच आज्ञा पलीकडच्या रेडिओला जाते. दोन्ही रेडिओंत सारखाच लागणारा नेटवर्क क्रमांक बदलताना आधी लांबचा रेडिओ बदलावा, मग जवळचा. क्रम चुकला की दुवा तुटतो आणि दुसऱ्या टोकाला गाडी काढून जावे लागते.

दोषनिदानासाठी एटीआय७ इतकी मोलाची आज्ञा दुसरी नाही. ती दोन्ही टोकांचा सिग्नल आणि गोंगाट शेजारी-शेजारी दाखवते. या आकड्याला १.९ ने भागून १२७ वजा केले की अंदाजे डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक) मिळतात: १०० म्हणजे सुमारे उणे ७४, ४५ म्हणजे उणे १०३. एकाच टोकाचा गोंगाट चढला असेल तर त्याच टोकाजवळ शोधावे, बहुधा मोटारीचा ड्राइव्ह (वेगनियंत्रक) किंवा इन्व्हर्टर सापडतो. दोन्हीकडचा सिग्नल सारखाच उतरला असेल तर अँटेना, कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी किंवा मधला अडथळा तपासावा.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, हा अडथळा ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात सागवान निष्पर्ण असतो, म्हणून वैशाखात मामा (माजी मालगुजारी) तलावावर जोडलेला दुवा छान चालतो. पावसाळ्यात रुंद, ओली पाने भरली की तोच दुवा अडखळतो. ८६६ मेगाहर्ट्झवर दहा किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर दृष्टिरेषेखाली सुमारे १८ मीटर मोकळी जागा लागते, त्यामुळे नुसते पलीकडचे टोक दिसणे पुरत नाही. काळ्या मातीचीही एक अडचण आहे: उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो आणि विजांच्या पहिल्या पावसात रेडिओचा पोर्ट जळू शकतो. मृगाआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. एटीआय७ चे आकडे मे आणि ऑगस्ट अशा दोन्ही महिन्यांत घेऊन तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत.