अडुसष्टांतलं एकच, पण संधी सगळ्यांना सारखी

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात ६८ लिंगांची स्थापना केली. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि या लिंगांना तैलाभिषेक होतो. समजा, इथल्या कॉलेजातल्या एखाद्या मुलीनं मोबाईल ॲप करायला घेतलं. ॲप उघडलं की ६८ पैकी कुठल्यातरी एका लिंगाची माहिती दिसायची, कुठल्या ते काही ठरलेलं नाही. म्हणजे तिला १ ते ६८ मधला एक रँडम आकडा हवा. हे काम प्रोग्रॅमच्या एका ओळीत होतं, आणि चूक होते तीही बहुधा त्याच ओळीत.

संगणक असा आकडा कुठून आणतो, ते आधी थोडक्यात. तो मागच्या आकड्यावर ठरलेलं गणित करून पुढचा काढतो. १९४९ साली डेरिक लेहमर या गणितज्ञानं सुचवलेली रीत अगदी साधी आहे: मागच्या आकड्याला एका संख्येनं गुणायचं, दुसरीनं भागायचं, उरलेली बाकी हा पुढचा आकडा. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आज मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी संशोधकांचं 'मर्सेन ट्विस्टर' वापरतात. त्याची मालिका इतकी लांब आहे, की तेच चक्र पुन्हा सुरू झालेलं कुणाच्या हयातीत दिसणार नाही. पण सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, तोच दिला की तीच मालिका त्याच क्रमानं येते. सीड म्हणून सोलापूरचा पिनकोड ४१३००१ द्या, आज आणि उद्या आकडे तेच. प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्याला हे वरदानच आहे. ओटीपी किंवा पासवर्डसाठी मात्र ते घातक, म्हणून तिथे पायथनचं 'सीक्रेट्स' हे वेगळं मॉड्यूल, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, वापरावं.

आता मुख्य गोष्ट. यंत्रानं दिलेला आकडा आपल्या मर्यादेत बसवायचा कसा? सर्रास लिहिलं जातं ते असं: आलेल्या आकड्याला ६८ नं भागा, बाकी घ्या, तीत १ मिळवा. यंत्र एक बाईट देतंय असं धरू, म्हणजे ० ते २५५, एकूण २५६ आकडे. ० ते २०३ मध्ये ६८ चे तीन पूर्ण गट बसतात. उरले २०४ ते २५५ हे ५२ आकडे. त्यांच्या बाक्या ० ते ५१. म्हणजे पहिल्या ५२ लिंगांच्या वाट्याला चार-चार आकडे आले आणि शेवटच्या १६ च्या वाट्याला तीन-तीनच. सोडतीच्या बरणीत काहींच्या चार चिठ्ठ्या आणि काहींच्या तीन टाकाव्यात, तसं झालं हे. प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही, स्क्रीनवर दर वेळी वेगळं लिंग दिसतं. अन्याय मात्र दिसत नाही.

मूळ आकडे जास्त असले की फरक कमी होतो. विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्टच्या सी भाषेच्या कंपायलरमध्ये 'रँड' हे रँडम आकडा देणारं फंक्शन ० ते ३२७६७ देतं. तिथे ६० लिंगांना ४८२ आणि आठांना ४८१ संधी मिळतात. एवढं ॲपला चालून जाईल. पण २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. तेवढ्या नावांच्या यादीतून पाहणीसाठी माणसं निवडायला हीच ओळ वापरली, तर ३२,७६८ व्या नावापुढचं एकही नाव कधीच येणार नाही. शाळाप्रवेशाची सोडत संगणकावर निघते, त्या काळात ही बाब किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

उपाय सोपा आहे आणि मला तो फार आवडतो: जास्तीचे आकडे फेकून द्यायचे. २०४ किंवा त्यापुढचा आकडा आला की तो बाद, दुसरा मागायचा. पाचांतला साधारण एक वाया जातो, पण उरलेल्या २०४ मध्ये प्रत्येक लिंगाचे बरोबर तीन आकडे. पायथनचं 'रँडिंट' हे मर्यादेतला आकडा देणारं फंक्शन आतून असंच वागतं. ६८ साठी ते सात बिट घेतं, म्हणजे ० ते १२७, आणि ६८ पासून पुढचं टाकून देतं. जवळजवळ निम्मे आकडे बाद होतात, तरी सरासरी दोन खेपांच्या आत काम होतं. सलग वीस वेळा नकार येण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी. म्हणून स्वतः बाकी काढत बसण्यापेक्षा भाषेनं दिलेलं तयार फंक्शन वापरावं, हे माझं स्पष्ट मत.

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतली चूक वेगळी. तिथे ० ते १ मधला अपूर्णांक मिळतो, १ सोडून. त्याला ६७ नं गुणून 'राउंड' केलं, म्हणजे जवळच्या पूर्णांकावर नेलं, आणि १ मिळवला, की पहिल्या आणि शेवटच्या लिंगाला इतरांच्या निम्मीच संधी मिळते. ६८ नं गुणून 'फ्लोअर' करावं, म्हणजे अपूर्णांकाचा भाग सोडून द्यावा, मग १ मिळवावा.

आपली ओळ बरोबर आहे का, हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. ६८,००० वेळा आकडा काढा आणि प्रत्येक लिंग किती वेळा आलं ते मोजा. सगळी हजाराच्या आसपास हवीत. कुणी ९५०, कुणी १०४० असा हेलकावा राहणारच, आणि तो राहायलाच हवा. पण ५३ ते ६८ ही सोळाच्या सोळा आठशेच्या जवळ अडकलेली दिसली, तर बाकी काढणारी ती ओळ उघडून बघा.