सिलिंडरचे आकारमान

अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरचा आतील व्यास व दट्ट्याची (पिस्टनची) धाव, म्हणजे त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या हालचालीचे अंतर, या दोन मापांवरून ठरणारे घनफळ. घनफळ तेच राहून या दोहोंचे प्रमाण बदलले, तरी एंजिनाचा गुणधर्म बदलतो. त्यामुळे केवळ ‘सीसी’वरून (घन सेंटिमीटरांतील घनफळावरून) शक्तीचा अंदाज करणे योग्य नव्हे.

शक्ती ही दट्ट्याचे क्षेत्रफळ, त्यावरील सरासरी दाब आणि त्याचा सरासरी वेग यांवर अवलंबून असते. दाब व वेग कायम ठेवून सर्व मापे दुप्पट केल्यास घनफळ आठपट होते, शक्ती मात्र चौपटच, आणि एंजिनाचे मिनिटाचे फेरे निम्म्यावर येतात. म्हणूनच लहान सिलिंडरांची संख्या वाढविली की दर लिटरमागे शक्ती वाढते. होंडाच्या 1966 मधील सहा सिलिंडरी, 250 सीसी शर्यतीच्या मोटारसायकलीचे एंजिन (व्यास 41 मिमी., धाव 31 मिमी.) मिनिटाला सुमारे 18,000 फेरे घेऊन 60 अश्वशक्तीच्या आसपास शक्ती देई.

कार्यक्षमतेचा (इंधनातील ऊर्जेपैकी कामी येणाऱ्या भागाचा) कल याउलट असतो. सिलिंडर मोठा होईल तसे घनफळाच्या मानाने भिंतींचे क्षेत्रफळ घटते व उष्णतेचा ऱ्हास कमी होतो. मात्र मोठे एंजिन मंदगती असल्याने उष्णता निसटण्यास वेळही अधिक मिळतो. त्यामुळे प्रत्यक्ष लाभ भूमितीवरून वाटतो तेवढा नसतो. तरीही 2006 मधील ‘एम्मा मार्स्क’ जहाजावरील डीझेल एंजिनासारखी (व्यास 960 मिमी., धाव 2,500 मिमी., मिनिटाला सुमारे 100 फेरे) एंजिने 50 टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता गाठतात. पेट्रोल एंजिनात व्यास वाढला की ज्योतीचा प्रवास लांबतो आणि उरलेले मिश्रण आपोआप पेटून ठोके पडतात. विमानांच्या मोठ्या पेट्रोल एंजिनांतही व्यास साधारण 150 मिमी.च्या आसपासच राहिला. डीझेलला ही अडचण नाही.

ब्रिटनमधील करपद्धतीमुळे या विषयाला वेगळे वळण लागले. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या सूत्रात (व्यासाचा इंचांतील वर्ग गुणिले सिलिंडरसंख्या, भागिले 2.5) धावेला स्थानच नव्हते, दट्ट्याचा वेग मिनिटाला 1,000 फूट गृहीत धरलेला होता. 1921 पासून या ‘अश्वशक्ती’मागे एक पौंड वार्षिक कर बसला. फोर्ड मॉडेल टी (व्यास 3.75 इंच, चार सिलिंडर) 22.5 अश्वशक्तीची ठरे, प्रत्यक्षात सुमारे 20 देई. ऑस्टिन सेव्हन मात्र सूत्रानुसार 8 हूनही कमी असून सुमारे 10 देई. ब्रिटिश एंजिने अरुंद व लांब धावेची झाली ती या करामुळेच, असे एक मत आहे. इंधनाची किंमत व ग्राहकाची ऐपत यांना इतर अभ्यासक अधिक महत्त्व देतात. मोटारी लहान का झाल्या, याचे उत्तर दुसऱ्या मतात मिळते. व्यास व धाव यांच्या प्रमाणाचा उलगडा मात्र कराशिवाय होणे कठीण दिसते. हा कर 1940 नंतरच्या दशकात, महायुद्ध संपल्यावर रद्द झाला.

लांब धावेचा हा वारसा भारतात अँबॅसडरच्या 1,489 सीसी एंजिनातून (73 × 88.9 मिमी.) आला. शेतीपंपांवरील किर्लोस्करांचे 5 अश्वशक्तीचे एकसिलिंडरी डीझेल एंजिनही (80 × 110 मिमी., 1,500 फेरे) लांब धावेचेच आहे.