कॉलेजचा मल्ल, तालमीचा पठ्ठा

विद्यापीठाच्या कुस्ती स्पर्धेचा निकाल वर्तमानपत्रात येतो तेव्हा त्यात वजनगट असतो, मल्लाचं नाव असतं आणि कंसात महाविद्यालयाचं नाव असतं. तालमीचं नाव कुठेच नसतं. पुण्यात तर ही गोष्ट फारच खटकते. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडण्याचा डाव, कसा काढायचा, ढाक मारताना कंबर कुठे घालायची हे ज्या वस्तादानं त्या पोराला शिकवलं, तो वस्ताद कॉलेजच्या आवारात बहुधा कधी फिरकलेलाही नसतो. पदक कॉलेजच्या कपाटात जातं, पोरगा तालमीत परततो. ही वाटणी आजची नाही.

पुण्यातल्या तालमी कॉलेजांपेक्षा पुष्कळ जुन्या. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर कुस्तीत आणि मल्लखांबात नावाजलेले होते. शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीसारख्या जागा शहराच्या नकाशाचाच भाग झाल्या. निंबाळकर तालीम चौक हा पत्ता सांगताना आज कुणाला कुस्ती आठवतही नसेल. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोतीराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके यांची नावं त्यांच्या शिष्यांत घेतली जातात. लहुजी १८८१ मध्ये गेले. म्हणजे शिकणारा तरुण आणि तालमीची माती यांची गाठ इंग्रजी अमलातही पडत होतीच.

डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या बाळ गंगाधर टिळकांची गोष्ट तर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम, कुस्ती आणि पोहण्यात घालवलं आणि किरकोळ प्रकृती सुधारली. ही गोष्ट सांगणारे पालक स्वतःच्या मुलानं तसं केलं तर काय म्हणतील, हा भाग वेगळा.

खेळ म्हणून, म्हणजे नियम, पंच आणि वजनगट यांच्यासह कुस्ती पुण्यात पोचली ती जिमखान्याच्या वाटेनं. डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला. त्याच्या मैदानावरच्या स्पर्धा पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या चमूत धावपटूंबरोबर दोन मल्ल होते: कुमार नवले आणि रणधीर शिंदे. शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. पदक एका पायरीनं हुकलं. आज ही नावं कुस्तीच्या माणसांनाही चटकन आठवत नाहीत.

कॉलेजनं खरंच पाठ राखली तर काय होतं, याचं उदाहरण मात्र पुण्याचं नाही, कोल्हापूरचं आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनला ते सहावे आले, आणि तेही आयुष्य लाल मातीत गेल्यावर गादीशी, म्हणजे मॅटशी, नव्यानं ओळख करून घेत. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीतलं पुढचं पदक यायला २००८ साल उजाडलं. महाराष्ट्रात आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस क्रीडादिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणात खर्डेकरांचं नाव घेणाऱ्या संस्थांनी आपल्या मल्लाच्या खुराकाला वर्षात किती पैसे दिले, हेही त्याच व्यासपीठावरून सांगायला हरकत नाही.

१९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. दिनकर दह्यारी पहिले मानकरी. पुणे विद्यापीठ त्याआधी, १९४९ मध्येच स्थापन झालं होतं. म्हणजे साधारण एकाच काळात मल्लापुढे दोन शिड्या उभ्या राहिल्या. एक जत्रेच्या फडापासून महाराष्ट्र केसरीच्या चांदीच्या गदेपर्यंत जाणारी, दुसरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपासून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत जाणारी.

दोन्ही शिड्या एकदम चढायच्या तर अंगाची ओढाताण होते. गदेची लढत खुल्या गटाची. तिथे अंगात वजन लागतं. विद्यापीठाच्या स्पर्धेत सकाळी काट्यावर उभं राहायचं असतं आणि काटा वर गेला की खेळ तिथेच संपतो. मग आदल्या रात्री पाण्याचा घोटही मोजून घ्यायचा. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की शिट्टी. मातीत प्रतिस्पर्ध्याला खेळवत, दमवत चितपट करण्याची सवय लागलेला गडी इथे पहिल्या मिनिटातच गुणांनी मागे पडतो. ग्रीको-रोमन या गादीवरच्या दुसऱ्या प्रकारात तर कमरेखाली हातच लावायचा नाही, म्हणजे पट काढण्यात घालवलेली वर्षं बाजूला ठेवायची.

वेळापत्रकही जुळत नाही. पहाटे चारला उठून जोर, बैठका, सपाटे आणि दोर. संध्याकाळी पुन्हा लढती. मधली दुपारची झोप हा ऐषाराम नव्हे, ती मेहनतीचाच भाग आहे, आणि कॉलेजच्या तासांची वेळ नेमकी तीच. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू होतात, इनामाच्या कुस्त्या लागतात, वर्षाचा बदाम-तुपाचा खर्च थोडाफार भरून निघायची वेळ येते, तेव्हा समोर विद्यापीठाची परीक्षा असते. हजेरीपटावर लाल शेरा असलेल्या पोराला आळशी ठरवण्याआधी त्याचा दिवस कसा जातो ते एकदा पाहावं.

पुण्याकडे ही पोरं येतात कुठून? बीड, लातूर, सोलापूर, नाशिक. बहुतेकांना आधी वस्ताद मिळतो, मग शाळा, आणि कॉलेज सगळ्यात शेवटी. गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार, म्हणजे सगळ्यांचे मामा, यांनी अशा कितीतरी पोरांना घडवलं. पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली आला, पुढे वस्ताद काका पवारांकडे गेला, २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. कागदावर दोन जिल्हे. प्रत्यक्षात दोघंही काका पवारांचे पठ्ठे. जानेवारी २०२३ ला कोथरूडमध्ये शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड, पुन्हा तीच तालीम. निकालपत्रात तालमीचा रकाना नसल्यामुळे हे बाहेरच्याला कळतच नाही.

मग पोरं कॉलेजात नाव घालतात तरी कशाला? बहुतेक वेळा नोकरीसाठी. सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, लष्कर आणि रेल्वे खेळाडू घेतात, आणि आवारेसारख्याला थेट पोलीस उपअधीक्षकपद मिळतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि वरच्या पदांना पदवीही. शेतकरी आईबापाच्या दृष्टीनं हा हिशेब अगदी चोख आहे. कुस्तीचं वय तिशीच्या आसपास सरतं, आणि गुडघा त्याच्याही आधी जाऊ शकतो.

मुलींच्या बाबतीत मात्र वर केलेली तक्रार तशीच्या तशी लागू होत नाही. पेठांतल्या जुन्या तालमींत बाईनं पाऊल टाकायचं नाही, असाच रिवाज होता. मुलींची कुस्ती वाढली ती गादीवर, क्रीडा संकुलांत आणि शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत. महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ ला आली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत २०२३ ला झाली आणि प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्यामुळे पुण्यातली एखादी मुलगी आज विद्यापीठाच्या संघातून खेळते, तेव्हा निकालात तिच्या नावापुढे छापलेलं कॉलेज हे बऱ्याचदा केवळ अर्जावरच्या सहीपुरतं नसतं. जी गादी तालमीनं तिला दिली नाही, ती तिथे मिळालेली असते.